प्रतुनाम, प्लॅटिनम, बोबे: बँकॉकच्या घाऊक कपडे बाजारातून माल आणायचा तर

बँकॉकच्या प्रतुनाम भागाचं मोठेपण एवढंच, की इथे तीन नग घेतले तरी घाऊक भाव लागतो. चीनमधल्या ग्वांगजौच्या शाहे किंवा बाईमा बाजारात भाव याहून उतरते असतात. पण तिथे एकेका डिझाइनचे भरपूर नग उचलावे लागतात आणि भाषेसाठी माणूस सोबत ठेवावा लागतो. बँकॉक मुंबईहून विमानाने साडेचार तासांवर आहे, बाजार एकमेकांना लागून आहेत आणि कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून सौदा होतो. ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूरची बुटीकवाली मंडळी आणि घरून ऑनलाइन विक्री करणाऱ्या महिला इकडेच वळतात, ते बरोबरच आहे. मात्र गाळ्यातला भाव आणि माल आपल्या दुकानात येऊन पडतो तो भाव यांत फार मोठं अंतर असतं. बहुतेक नवखे खरेदीदार बाजार ओळखायला चुकत नाहीत, या अंतराचा हिशेब करायला चुकतात. म्हणून बाजारांबद्दल जेवढं सांगायचं आहे, तेवढंच कागदपत्रांबद्दलही.

आधी बाजार.

फेचबुरी रस्त्यावरचा प्लॅटिनम फॅशन मॉल हा सगळ्यांत नावाजलेला. वातानुकूलित इमारत, दोन हजारांवर गाळे, बहुतेक बायकांचे कपडे. दुकानं सकाळी नऊच्या सुमारास उघडतात आणि अकरानंतर पर्यटकांची गर्दी होते, तेव्हा घाऊक खरेदी करणाऱ्याने पहिले दोन तास गाठावेत. पाटीवर दोन आकडे असतात, मोठा किरकोळीचा आणि लहान घाऊकचा. थाई अक्षरं वाचता येत नसली तरी ‘प्लीक’ म्हणजे किरकोळ आणि ‘सोंग’ म्हणजे घाऊक, एवढं तोंडात असू द्यावं. विचारायचा प्रश्न नेमका असावा: तीन नग एकाच डिझाइनचे हवेत, की दुकानातले कुठलेही तीन चालतील? दोन्ही पद्धती आहेत, आणि दुसरी असेल तर नमुन्यापुरती खरेदी फार सोपी होते. घासाघीस इथे फारशी चालत नाही. मोठ्या नगसंख्येवर दहा-वीस बाट (थाई चलन) सुटतात, तेवढेच. कपडा घालून पाहायला देत नाहीत, माल बदलूनही देत नाहीत. ताज्या पॅटर्नसाठी प्लॅटिनमला तोड नाही, पण इथला बराच माल ग्वांगजौहून आलेला असतो. ही गोष्ट पुढे सीमाशुल्काच्या वेळी महागात पडते.

रस्त्यापलीकडचा प्रतुनाम बाजार, इंद्रा चौकाची दुकानं आणि बैयोक टॉवरच्या पायथ्याचे गाळे इतके देखणे नाहीत, पण भावाला बरे आहेत. हत्तीछाप रेयॉनच्या पँट, सुती टॉप, लहान मुलांचे कपडे, छापील टी-शर्ट यांसाठी इथेच फिरावं. पदपथावरचा बाजार भल्या पहाटे भरतो आणि ऊन चढेपर्यंत बराचसा आवरलेला असतो. या भागात आफ्रिकी, अरब आणि भारतीय व्यापारी वर्षानुवर्षं खरेदी करत आले आहेत, त्यामुळे कार्गोवाले, भारतीय खाणावळी आणि हिंदी समजणारे दुकानदार इथे सहज भेटतात. विमानतळावरून रेल्वेने राचाप्रारोप स्थानकावर उतरलं की बाजार चालण्याच्या अंतरावर.

बोबे मात्र खरा ठोक बाजार. भाव डझनावर, काही ठिकाणी सहा नगांवर, आणि एक-दोन नग मागणाऱ्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. रस्त्यावरचा बाजार मध्यरात्रीनंतर भरतो आणि सकाळपर्यंत चालतो. बोबे टॉवर ही इमारत दिवसा उघडी असते. दिवसा जायचं तर प्रतुनामच्या धक्क्यावरून सेन सेप कालव्याची बोट पकडावी. फान फा धक्क्याकडे जाणारी बोट काही मिनिटांत बोबेला सोडते आणि तिकीट रिक्षाच्या मानाने किरकोळ आहे. रात्री बोटी बंद असतात, तेव्हा टॅक्सी. लहान मुलांचे कपडे, खेळाचे कपडे, रात्रीचे कपडे आणि कोरे टी-शर्ट यांसाठी बोबेसारखी जागा नाही. यातला बराच माल थायलंडमध्येच शिवलेला असतो आणि काही गाळे थेट कारखानदारांचे आहेत. टी-शर्ट घेताना सुताचा नंबर विचारावा: २० नंबर म्हणजे जाड सूत, ३२ नंबर म्हणजे बारीक आणि हलकं. त्यातही कोम्ब केलेलं, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढलेलं, सूत गुळगुळीत असतं आणि त्यावर लव लवकर उठत नाही. ‘शंभर टक्के कॉटन’ एवढं ऐकून घेतलेला टी-शर्ट स्वस्त निघाला, तर बहुधा तो कोम्ब न केलेल्या सुताचा असतो. छपाईचा धंदा करणाऱ्याने ३२ नंबर कोम्बच मागावा.

आमचं मत स्पष्ट आहे: नमुने प्लॅटिनममध्ये पाहावेत, मालाची मोठी खरेदी बोबेत करावी, आणि प्रतुनामच्या रस्त्यावरून फक्त तो माल घ्यावा जो हातात धरून तपासला आहे.

माप

परतावे आणि पडून राहिलेला माल यांचं पहिलं कारण ‘फ्री साइज’. थाई बाजारात फ्री साइज म्हणजे साधारण ३४ ते ३६ इंच छाती. इलॅस्टिक असेल तर ३८ पर्यंत ओढून बसतं. आपल्याकडे विक्री सगळ्यांत जास्त होते ती ३८, ४० आणि ४२ ची. टेप सोबत ठेवावी. टॉप टेबलावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजावा. १८ इंच भरले तर गोलाई ३६, आणि घालणारीला श्वास घ्यायला दोन इंच तरी मोकळे हवेत, म्हणजे तो टॉप ३४ चाच. पँटला कंबरेपेक्षा बैठक जास्त महत्त्वाची: कंबरपट्ट्यापासून जांघेच्या शिवणीपर्यंत पुढून आणि मागून दोन्हीकडे मोजावं. थाई पॅटर्नमध्ये मागची बैठक आखूड असते, आणि खाली बसताना शिवण उसवते ती तिथेच. मोठी मापं ठेवणारे गाळे वेगळे असतात. तिथे नगामागे थोडे जास्त बाट पडतात, पण माल विकला जातो.

कापड तपासायला दुकानात पाच मिनिटं पुरतात. पांढरा रुमाल ओला करून गडद छपाईवर दहा-बारा वेळा घासावा. रुमालाला रंग लागला तर धुण्यात दुसऱ्या कपड्यांनाही लागणार. सॅटिन आणि शिफॉनमध्ये बाजूची शिवण दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणावी. टाके तसेच राहून कापडाचे धागे सरकून फट पडली, तर तो नग अंगावर ताण येताच फाटणार, शिवण कितीही पक्की असो. हत्तीछाप पँट उलटी करून जांघेत चार शिवणी जिथे मिळतात ती जागा पाहावी: तिथे ओव्हरलॉकखाली आणखी एक सरळ टीप असली तर घ्यावी, नुसतं ओव्हरलॉक असेल तर सोडून द्यावी. रेयॉन पहिल्या धुण्यात आटतो, उंचीत विशेष. त्यामुळे घोट्यापर्यंत येणारी पँट दुकानात थोडी लांबच वाटली पाहिजे. मोठी ऑर्डर देण्याआधी दोन नग विकत घेऊन हॉटेलात धुऊन, वाळवून पुन्हा मोजावेत. एवढं केलं की बाकी तपासणीतली निम्मी मेहनत वाचते.

ठरलेला नमुना आणि आलेला माल वेगळे निघण्याचा प्रकारही घडतो. एकाच कोडचे दोन लॉट असले की रंगाची छटा बदलते, कधी बटणं बदलतात. म्हणून पसंत केलेल्या नगाच्या आतल्या चिठ्ठीवर सही करून तो स्वतःजवळ ठेवावा, गाळा क्रमांकासह फोटो काढावा, आणि बिलावर रंगांची विभागणी आकड्यांत लिहून घ्यावी: काळा १२, मरून १२, हिरवा ६. ‘मिक्स’ असं लिहिलं की न खपणारे रंग आपल्या वाट्याला येतात.

नामांकित कंपन्यांच्या खुणा किंवा कार्टूनमधली पात्रं छापलेला माल स्वस्त असला तरी घेऊ नये. बौद्धिक संपदेच्या नियमांखाली सीमाशुल्क खातं असा माल अडवून ठेवू शकतं, आणि मग त्याच पेटीतला बाकीचा माल मोकळा करून घ्यायलाही वेळ जातो.

कागद

विक्रीसाठी आणलेला माल प्रवासी सामान म्हणून आणता येत नाही. वैयक्तिक वापराच्या सामानाला मिळणारी सूट व्यापारी नगसंख्येला लागू होत नाही. एकाच डिझाइनचे चाळीस टॉप तीन मापांत बॅगेत निघाले की ते व्यापारासाठीच आहेत हे कुणालाही कळतं. आयात-निर्यात कोड परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो. त्याला पॅन आणि बँक खातं लागतं. जीएसटी नोंदणी असेल तरच आयातीवर भरलेल्या करांपैकी आयजीएसटीची (एकात्मिक जीएसटीची) वजावट मिळते.

प्रतुनामच्या गल्ल्यांत ‘किलोला अमुक रुपये, घरपोच, सगळं त्यात आलं’ अशी सेवा देणारे बरेच आहेत. ही सेवा आम्ही सुचवत नाही. त्यांत अनेकदा दहा जणांचा माल एकाच नावावर, ढोबळ वर्णनाने येतो. तुमच्या नावाचं बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडचा आयातीचा नोंदकागद) निघत नाही, म्हणून कराची वजावट नाही, आणि माल अडकला तर तो तुमचा आहे हे सिद्ध करायला हातात कागद नाही. किलोमागे वाचलेले पन्नास रुपये एका अडकलेल्या गासडीत निघून जातात.

योग्य मार्ग असा: माल तुम्ही निवडायचा, आणि थायलंडमध्ये नोंदणी असलेल्या निर्यातदार कार्गो कंपनीने तो तुमच्या नावे पाठवायचा. दुकानदार पिशव्या कार्गोच्या गोदामात पोचवून देतात, जवळ असेल तर फुकट. प्रत्येक पिशवीवर तुमची खूण आणि पिशवीचा अनुक्रमांक जाड पेनाने लिहून घ्यावा. दुकानाचं हाताने लिहिलेलं थाई बिल सीमाशुल्काला पुरत नाही. कंपनीचं इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट लागते, आणि तीत प्रत्येक ओळीत पाच गोष्टी हव्यात: कपड्याचा प्रकार, विणीचा (निटेड) की मागाचा (वोव्हन), कापडातले धागे टक्क्यांत, नगसंख्या आणि दर. सीमाशुल्काच्या दरपत्रकात विणीचे कपडे प्रकरण ६१ मध्ये जातात, मागाच्या कापडाचे ६२ मध्ये, आणि पुढचे आकडे धाग्यांवरून ठरतात. म्हणूनच पेट्या भरताना टी-शर्ट, लेगिंग एकीकडे आणि कुर्ती, पँट, शर्ट दुसरीकडे ठेवले की माल सोडवून देणाऱ्या सीमाशुल्क एजंटाचं काम आणि तुमचा खर्च दोन्ही कमी होतात. किंमत कमी दाखवायला कुणी सुचवलं तर नकार द्यावा. मूल्यांकनाच्या नियमांखाली अधिकारी दाखवलेली किंमत नाकारून दुसरी लावू शकतात, वर दंड आणि गोदामभाडं.

पैशांबाबतही तीच शिस्त. परदेशी जाताना एका फेरीत ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, पण ती सोय प्रवासखर्चासाठी आहे. मालाची रक्कम बँकेतून आयातीच्या खात्यावर निर्यातदाराला पाठवावी. बँकेच्या प्रणालीत प्रत्येक बिल ऑफ एंट्री आणि त्यामागची रक्कम जुळावी लागते. न जुळलेली नोंद पुढच्या आयातीच्या वेळी आडवी येते. निर्यातदार दुकानांना पैसे चुकते करून त्यावर काही टक्के घेतो, ते देणं परवडतं. हातखर्चाचे बाट हवे असतील तर राचादामरी भागातल्या सुपररिच कचेऱ्यांत शंभराच्या कोऱ्या डॉलर नोटांना चांगला दर मिळतो. रुपये बदलायला नेले तर दर पडतो.

कपड्यांसाठी आणखी एक अट आहे. त्यांत बंदी असलेले अझो रंग (कृत्रिम रंगांचा एक गट, त्यातले काही अपायकारक) नकोत. निर्यात करणाऱ्या देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला सोबत नसेल, तर आपल्याकडे नमुना काढून तपासणीला पाठवतात. त्यात दिवस जातात, आणि सणाच्या तोंडावर जाणारा दिवस सगळ्यांत महाग.

हिशेब

रेयॉनची पँट घेऊ. नग १०० बाट, बाटचा दर २.७० रुपये, नगाचं वजन २२० ग्रॅम, हवाई भाडं किलोला १६० रुपये. हे दर उदाहरणापुरते धरलेत, पद्धत मात्र हीच. ५०० नगांची किंमत १,३५,००० रुपये. वजन ११० किलो, भाडं १७,६००. मूल्यांकनासाठी हवाई भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात, इथे ते त्याच्या आत आहे. विम्याची रक्कम माहीत नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे १,५१९. एकूण १,५४,११९. त्यावर मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांनी ३०,८२४, आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ३,०८२. बेरीज १,८८,०२५. वर ५ टक्के आयजीएसटी ९,४०१, जो पुढे वजा होतो. क्लिअरिंग (सीमाशुल्कातून माल सोडवणं) आणि स्थानिक वाहतूक ९,००० धरली तर नग ३९४ रुपयांना पडला. प्रवासाचे आणि राहण्याचे ४०,००० वाटले की ४७४. गाळ्यात तो २७० चा होता.

हीच खरेदी १०० नगांची केली तर क्लिअरिंग तेवढंच राहतं, प्रवास तेवढाच राहतो, आणि नग ८६६ रुपयांवर जातो. इतक्या भावात ती पँट विकणं शक्य नाही. यावरून आमचा सल्ला: सगळी खरेदी मिळून अडीच लाखांच्या खाली असेल तर बँकॉकला जाऊ नये, तोच पॅटर्न मुंबईतल्या आयातदाराकडून घ्यावा, किंवा कापड निवडून उल्हासनगरला शिवून घ्यावा.

दोन गोष्टी हा आकडा बदलतात. बऱ्याच कपड्यांवर शुल्क ‘टक्के किंवा नगामागे ठरावीक रुपये, यांतलं जे जास्त’ असं आहे. त्यामुळे अगदी स्वस्त नगावर टक्केवारीऐवजी नगाचा दर लागतो आणि शुल्क चढतं. ऑर्डर देण्याआधी एजंटाकडून मालाच्या वर्गवारीचा नेमका आठ आकडी कोड आणि त्याचा दर लेखी घ्यावा. १५० बाटचे मोजके चांगले नग ६० बाटच्या ढिगापेक्षा का परवडतात, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं. दुसरी गोष्ट फायद्याची: आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) आणि भारत यांच्यातल्या व्यापार करारामुळे थायलंडमध्ये तयार झालेल्या बऱ्याच कपड्यांवर मूळ शुल्क माफ होऊ शकतं. त्यासाठी ‘फॉर्म एआय’ हा उत्पत्तीचा दाखला लागतो, आणि तो मिळायला किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांत निर्माण झालेलं असावं लागतं. सप्टेंबर २०२० पासून नुसता दाखला पुरत नाही. माल कुठे, कसा तयार झाला याची माहिती आयातदारालाही द्यावी लागते. प्लॅटिनमच्या गाळेवाल्याकडून हे होणार नाही, त्याचा बराच माल आधीच चीनमधून आलेला. बोबेतल्या कारखानदाराकडून, हजार-दोन हजार नगांच्या ऑर्डरवर, हे होऊ शकतं. वरच्या हिशेबात शुल्क आणि अधिभार मिळून नगामागे ६८ रुपये वाचतात. मोठ्या खरेदीसाठी बोबे सुचवण्यामागचं मुख्य कारण हेच.

आयजीएसटीचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८. लग्नाच्या गाऊनसारखा महागडा माल आणणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावं.

पाठवणी आणि वेळ

हवाई कार्गोत वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायचं. ६० बाय ५० बाय ५० ची पेटी म्हणजे २५ किलो, मग तीत जाळीचे फुगीर फ्रॉक भरून ती प्रत्यक्षात १२ किलोच भरली तरीही. फुगीर माल जहाजाने आणावा. थायलंडच्या लाएम चाबांग बंदराहून न्हावा शेव्यापर्यंत सामायिक कंटेनरचं भाडं घनमीटरवर असतं आणि एका घनमीटरपेक्षा कमी माल असला तरी बहुधा पूर्ण एकाचं लागतं. कंटेनर भरण्याची वाट पाहणं, प्रवास आणि बंदरातलं काम धरून तीन ते पाच आठवडे हाताशी ठेवावेत. पावसाळ्यात पेट्यांच्या आत प्लास्टिकची जाड पिशवी आणि आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या हव्यातच, नाहीतर सुती कपड्यांवर करडे ठिपके पडतात आणि ते धुऊनही जात नाहीत.

चिनी नववर्षाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, अनेक गाळे काही दिवस बंद असतात, आणि १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रानमुळे (थाई नववर्षामुळे) बोबेतले कारागीर गावी गेलेले असतात. या दोन्हींच्या पुढेमागे आठवडाभर नव्या ऑर्डरी देऊ नयेत. थायलंडमध्ये उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे आणि फुकट भरता येतं, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांवर जाऊ नये. दिवाळीचा माल जहाजाने यायचा असेल तर बोबेतली ऑर्डर जुलैत देऊन ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेट्या बंदराकडे निघायला हव्यात. विमानाने आणायचा असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, म्हणजे अझोच्या नमुन्यात आठवडा गेला तरी माल वेळेत दुकानात लागतो.